सिंथेटिक ऑइल असूनही मधेच पेटणारी लाल किटली: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

यातलं काही तुमच्या गाडीत होतंय का, ते आधी बघा.

– सकाळी पहिला स्टार्ट मारला की इंजिन दोन-तीन सेकंद खडखडतं, मग गप्प होतं.
– गाडी तापल्यावर सिग्नलला न्यूट्रलमध्ये ऑइलचा लाल दिवा, ती किटली, लुकलुकते. ॲक्सिलरेटरवर पाय पडला की जाते.
– सरळ रस्त्याला काही नाही, पण यवतेश्वर घाटाच्या वळणांवर किंवा जोरात ब्रेक दाबला की किटली क्षणभर चमकते.
– टॅपेटची (इंजिनातले व्हॉल्व्ह उघडणारे भाग) टिकटिक वाढलीय, बॉनेट बंद असतानाही ऐकू येते.
– डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, ऑइल कमी दिसतं, पण पार्किंगमध्ये खाली एक थेंब नाही.
– किंवा उलटंच, डिझेल गाडीत ऑइल वाढलंय.
– ऑइल भरायच्या झाकणाखाली कॉफीसारखा चिकट फेस.

या सगळ्या गाड्यांच्या मालकांचं एक वाक्य मात्र ठरलेलं: "पण मी फुल्ली सिंथेटिक टाकलंय, अजून पाच हजार किलोमीटर शिल्लक आहेत."

साताऱ्यात गॅरेज टाकून मला बावीस वर्षं झाली. हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. म्हणून हे एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय.

एक गोष्ट पुढचं वाचायच्या आधीच सांगतो. लाल किटली पेटून राहिली, विझेना, तर गाडी कडेला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. हा दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलचा दाब पडलाय हे सांगतो. क्रँक (इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा) आणि तो ज्यात फिरतो त्या बेअरिंगच्या मधला ऑइलचा पडदा तुटला की धातूवर धातू घासतो आणि तिथून पुढे सगळा खेळ मिनिटांचा. "घर दोनच किलोमीटरवर होतं हो" असं टोचन लावून गाडी आणणारेच म्हणतात. पिवळी किटली वेगळी, ती बहुतेक गाड्यांत पातळी कमी झाल्याची. पिवळा पाना त्याहून वेगळा, ती सर्व्हिसची आठवण. पुष्कळ गाड्यांत तो पाना फक्त किलोमीटर आणि दिवस मोजतो, ऑइल चाखून बघत नाही. ऑइल न बदलता नुसता रीसेट केला तरी तो वर्षभर निमूट बसतो.

मुळात बिघडतं काय

माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक येतात. सगळे त्यांना सर म्हणतात, मीही सरच म्हणतो. छोटी पेट्रोल गाडी, तीन सिलिंडरची. टॅपेट वाजतात म्हणून घेऊन आले. ऑइल बदलून १९ महिने झाले होते आणि गाडी फिरली होती ४,२०० किलोमीटर.

"अरे, दहा हजारांचं ऑइल आहे. निम्मंसुद्धा संपलं नाही."

मी ऑइलचं झाकण काढून त्यांच्यासमोर धरलं. आतल्या बाजूला पिवळट-तपकिरी लोण्यासारखा थर, बोट फिरवलं तर रेघ उमटली. मग गाडीच्या स्क्रीनवर सरासरी वेग काढला: ताशी १४ किलोमीटर. घर, मंडई, राजवाडा, नातवाची शाळा, घर. एक फेरी तीन किलोमीटरची.

आता हिशोब करा. ४,२०० भागिले १४ म्हणजे ३०० तास. माझ्याकडेच एक टॅक्सीवाला येतो, सातारा–पुणे–मुंबई विमानतळ करतो, त्याचा सरासरी वेग ५२. त्याचे १०,००० किलोमीटर १९२ तासांत होतात. म्हणजे सरांचं इंजिन निम्म्याहून कमी अंतरात टॅक्सीपेक्षा शंभर तास जास्त चाललं होतं, आणि तेही बहुतेक वेळ गार असताना. ट्रॅक्टरवाल्या शेतकऱ्याला हे समजवावं लागत नाही. त्याच्या मीटरवर तासच असतात आणि तो अडीचशे तास झाले की ऑइल बदलतो. कारवाल्यांची नजर मात्र किलोमीटरवरच खिळलेली.

गार असण्याला एवढं महत्त्व का? एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून जातं, थोडं पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरतं. सोबत न जळलेलं पेट्रोल आणि आम्लं. ऑइल चांगलं तापलं तर हे उडून जातं. पण टेम्परेचरचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑइल तापलं असं नसतं. काटा पाण्याचं तापमान दाखवतो, ऑइल त्याच्या बरंच मागून तापतं, चांगली पंधरा-वीस मिनिटं गाडी चालल्यावर. तीन किलोमीटरच्या फेरीत ते कधीच तिथपर्यंत पोचत नाही.

सिंथेटिक ऑइल उष्णतेत लवकर विटत नाही, थंडीत पटकन वाहतं, हे खरं. पण ऑइल भारी आहे म्हणून त्यात घाण कमी पडत नाही. पाणी तेवढंच, पेट्रोल तेवढंच, काजळी तेवढीच. आम्लं मारणारी आणि घाण धरून ठेवणारी रसायनं ऑइलमध्ये मोजकीच असतात. ती संपली की महागडं ऑइलही घाणीला शरण जातं. (आणि डब्यावरच्या 'फुल्ली सिंथेटिक' या शब्दाने फार हुरळून जाऊ नका. कच्च्या तेलापासूनच, पण जास्त शुद्ध करून काढलेलं गट ३ चं तेलही त्याच नावाने विकलं जातं. ते वाईट असतं असं नाही. फक्त तो शब्द म्हणजे जादू नाही.)

आता तपासणी. फुकटातल्यापासून सुरू करू.

१. कागद बघा

गाडीची पुस्तिका आणि मागच्या सर्व्हिसचं बिल. पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत बहुधा १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष असतं, काही कंपन्यांच्या १५,००० किंवा १ वर्ष. लोक आकडा लक्षात ठेवतात आणि 'जे आधी होईल ते' हे शब्द गिळतात. अजून दोन-चार पानं उलटली तर 'कठीण परिस्थितीतील वापर' असा तक्ता सापडतो. कमी अंतराच्या फेऱ्या, सतत थांबत-चालत जाणं, धूळ, घाट, ओझं ओढणं. तिथे मुदत कमी केलेली असते. तो तक्ता वाचा आणि सांगा, तुमची गाडी त्यात बसत नाही का? पुण्यात हिंजवडीला जाणारी प्रत्येक गाडी त्या तक्त्यात बसते.

बिलावर ऑइलचा ग्रेड (किती जाड-पातळ ते सांगणारे आकडे) आणि लिटर लिहिलेत का, हेही बघा. नुसतं 'ऑइल चेंज' लिहिलेलं बिल मला आवडत नाही. तीन लिटर लागणाऱ्या इंजिनात साडेतीन ओतलं की अडीच, हे नंतर कळायला मार्ग नसतो.

२. सरासरी वेग

वर केला तोच हिशोब. पुढच्या ऑइल चेंजला ट्रिप बी (स्क्रीनवरचा दुसरा ट्रिप मीटर) शून्य करा आणि मधे हात लावू नका. सरासरी वेग २० च्या खाली असेल तर पुस्तिकेतला मोठा आकडा तुमच्यासाठी नाही.

३. डिपस्टिक

दोन मिनिटांचं काम, पण दहातले आठ जण चुकीचं करतात. गाडी सपाट जागेवर. इंजिन तापवून बंद केलेलं, त्यानंतर पाच-दहा मिनिटं थांबायचं, वरचं ऑइल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीत, उतरू द्यायचं. पट्टी ओढून चिंधीने पुसायची, पूर्ण आत घालायची, परत काढायची. पहिल्यांदा निघालेली खूण धरायची नाही. पट्टीच्या दोन्ही बाजू बघा. एका बाजूला ऑइल वर दिसलं, दुसऱ्या बाजूला खाली, तर खालची खूण खरी. वरची नळीला घासून आलेली असते.

पट्टीवर कोरलेली खालची खूण ते वरची खूण, यात बहुतेक गाड्यांत एक लिटरच्या आसपास फरक असतो. पातळी खालच्या खुणेला टेकली असेल तर वळणावर चमकणाऱ्या किटलीचं कारण तिथेच सापडलं. ऑइल चेंबरच्या एका बाजूला सरकतं, स्ट्रेनर (पंपाच्या तोंडाची जाळी) उघडा पडतो, पंप हवा ओढतो. तोच ग्रेड पाव-पाव लिटर घालत वरच्या खुणेच्या जरा खाली आणून ठेवा. "थोडं जास्त बरं" म्हणून वर नेऊ नका. क्रँक ऑइलमध्ये बुडाला की ते ताकासारखं घुसळतं, फेस होतो, आणि फेसाने दाब येत नाही.

टॉपअप करून किटली गेली म्हणजे काम झालं असं समजू नका. ऑइल गेलं कुठे, हा प्रश्न उरतोच.

आता डिझेलवाले. बीएस ६ गाड्यांत सायलेन्सरच्या रस्त्यात काजळी पकडणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो साफ करायला इंजिन जादा डिझेल सोडून आतलं तापमान वाढवतं. शहरात तुम्ही मधेच गाडी बंद करता, साफसफाई अर्धी राहते, आणि जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये उतरतं. दोन-चार वेळा असं झालं की पातळी वरच्या खुणेच्या पुढे जाते, ऑइलला डिझेलचा वास येतो, बोटावर ते पाण्यासारखं लागतं. इथे किलोमीटर बघायचेच नाहीत. हजार झालेले असोत की आठ हजार, ऑइल बदला. फारच वाढलेलं असेल तर गाडी चालवूच नका. डिझेल इंजिन हवेच्या वाटेने आलेलं ऑइल इंधनासारखं जाळू शकतं, आणि मग चावी काढून घेतली तरी ते थांबत नाही. मी हे एकदाच पाहिलंय. परत बघायची हौस नाही.

४. रंग, वास आणि कागद

काळं झालं म्हणजे खराब, हा सगळ्यात मोठा गैरसमज. डिझेलमध्ये नवं ऑइल शे-दोनशे किलोमीटरमध्ये काळं होतं, कारण ते काजळी धरून ठेवतंय. म्हणजे आपलं काम करतंय. उलट सीएनजी गाडीचं ऑइल आठ हजारांनंतरही मधासारखं स्वच्छ दिसतं आणि मालक खूश असतो. पण सीएनजीत काजळी नसल्यामुळे रंग बदलत नाही एवढंच. उष्णतेने ते आतून विटत आणि घट्ट होत असतं. सीएनजीवाल्यांनी रंगावर अजिबात विसंबू नये.

मी घरच्या घरी करण्याजोगी एक परीक्षा सांगतो. कॉफी गाळायचा कागद किंवा साधा टीपकागद घ्या. गरम इंजिनाच्या डिपस्टिकवरचा एक थेंब त्यावर टाका आणि कागद अधांतरी ठेवा, दोन पेल्यांच्या काठांवर ठेवला तरी चालेल. रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी थेंब पसरून गोल डाग झालेला असतो. मधून कडेपर्यंत रंग हळूहळू फिका होत गेला असेल तर ऑइलमध्ये अजून घाण धरून ठेवायची ताकद आहे. मधे कोळशासारखा काळा ठिपका, त्याची कड धारदार, आणि भोवती एकदम फिकं कडं असेल तर घाण एका जागी गोळा व्हायला लागलीय, बदला. कडेला दातेरी आकार उमटला तर पाणी असण्याची शक्यता. सरांच्या गाडीचा डाग मधे काळाकुट्ट होता आणि कड करवतीसारखी. प्रयोगशाळेची सर याला नाही, पण एका कागदाच्या किमतीत यापेक्षा जास्त काय मागणार.

झाकणाखालच्या कॉफीबद्दल. ती फक्त झाकणालाच असेल, डिपस्टिक स्वच्छ असेल आणि गाडी छोट्या फेऱ्यांची असेल, तर ते साचलेलं दव. पावसाळ्यात महाबळेश्वर-पाचगणीच्या निम्म्या गाड्यांत दिसतं. पण डिपस्टिकवरही दुधट ऑइल असेल, किंवा रेडिएटरच्या टाकीत तेलाची साय दिसत असेल, तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, ऑइलमध्ये मिसळतंय. हेड गॅस्केट (इंजिन आणि त्याच्या डोक्यामधलं पॅकिंग) किंवा ऑइल कूलर फुटलाय. इथेच थांबा, गाडी सुरू करू नका, मेकॅनिकला बोलवा. रेडिएटरचं झाकण इंजिन गरम असताना उघडायचं नाही, हे सांगायची गरज पडू नये, तरी सांगतो.

५. पुठ्ठा

फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा रात्री इंजिनाखाली सरकवा. सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा. चेंबरच्या, ऑइल काढायच्या नटाखाली पडला असेल तर बहुधा वॉशर. हा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर एकदाच दाबला जातो, प्रत्येक ऑइल चेंजला नवा घालायचा असतो. वीस-तीस रुपये वाचवायला जुनाच घालतात, मग गळायला लागलं की नट अजून आवळतात आणि चेंबरचे आटे जातात. वीस रुपयांचं काम काही हजारांवर.

डाग फिल्टरच्या जागी असेल तर फिल्टर सैल, किंवा जुन्या फिल्टरचा रबर तिथेच चिकटून राहिला आणि त्यावर नवा बसवला. हे फार घडतं. असं असेल तर गाडी रस्त्यावर काढू नका, तो दुहेरी रबर निसटला की काही मिनिटांत चेंबर रिकामा.

पुठ्ठा कोरडा, तरी ऑइल कमी होतंय, तर ते जळतंय. त्याकडे पुढे येतो.

६. डब्यावरचे आकडे

ज्या गाडीला ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० असं पातळ ऑइल सांगितलंय तिच्या मालकाला ते ऑइल बघून धडकी भरते. "पाण्यासारखं आहे हो, आपल्याकडच्या उन्हात कसं टिकेल?" मग कुणीतरी २०डब्ल्यू-५० असं जाड ऑइल ओततो. आपल्याकडचं ऊन इथे कामाचं नाही. बाहेर महाबळेश्वरचे १२ अंश असोत की अकोल्याचे ४५, इंजिन आपलं तापमान थर्मोस्टॅटने ठराविकच ठेवतं. नव्या इंजिनांच्या फटी बारीक असतात, व्हॉल्व्हचं टायमिंगसुद्धा ऑइलच्या दाबावर फिरतं. जाड ऑइल तिथे वेळेत पोचत नाही, आणि सकाळची खडखड सुरू होते. जुन्या, झिजलेल्या इंजिनाला एक पायरी जाड ऑइल मीही घालतो, पण पुस्तिकेतल्या तक्त्यात ते बसत असेल तरच.

आकड्यांसोबत अक्षरंही बघा. पेट्रोलला एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसपी हा दर्जा २०२० पासून आहे. टर्बो पेट्रोल गाडीत तो किंवा त्यानंतरचाच घ्या, कारण कमी वेगात जोर दिल्यावर होणारा अवेळी स्फोट टाळायचा विचार त्यात केलेला आहे. डीपीएफवाल्या डिझेलला कमी राखेचं ऑइल लागतं. साधं डिझेल ऑइल घातलं तर त्याची राख फिल्टरमध्ये कायमची बसते, ती जाळून जात नाही. काही इंजिनांत टायमिंग बेल्टच ऑइलमध्ये फिरतो. तिथे चुकीचं ऑइल घातलं तर बेल्टचे तुकडे होऊन स्ट्रेनरमध्ये अडकतात.

आणि डबा तुमच्या डोळ्यांसमोर फोडून घ्या. रिकामा डबा झाकणासकट घरी न्या किंवा तिथेच भोक पाडून टाका. चांगले रिकामे डबे कुणाला हवे असतात ते मी लिहीत नाही.

७. फिल्टर

सकाळच्या दोन-तीन सेकंदांच्या खडखडाटाला बऱ्याचदा हाच जबाबदार. चांगल्या फिल्टरमध्ये एक रबरी पडदा असतो, तो इंजिन बंद असताना ऑइल खाली ओघळू देत नाही. स्वस्त फिल्टरमधला पडदा काही महिन्यांत कडक होतो, रात्रभरात फिल्टर रिकामा होतो, आणि सकाळी पंपाला आधी तो भरावा लागतो. तोवर वरचे भाग कोरडेच फिरतात. पंधराशे-दोन हजारांचं ऑइल आणि साठ रुपयांचा फिल्टर ही जोडी मला अजून कळलेली नाही. ऑइल बदललं की फिल्टर बदलायचाच, एकाआड एक वगैरे नाही.

८. पीसीव्ही

रिंगांतून खाली येणारा धूर-वाफ परत इंजिनात ओढून घेणारा छोटा व्हॉल्व्ह. तो चिकटून बंद राहिला की आत दाब साचतो, सील गळायला लागतात. उघडाच राहिला तर ऑइलचे तुषार ओढले जाऊन जळतात. ज्या गाड्यांत तो हाताने निघतो तिथे काढून कानाशी हलवा. खुळखुळला तर बहुधा ठीक, मुका असेल तर बदला. नळी चिरलीय का तेही बघा. कित्येक "ऑइल पिणारी" इंजिनं या दोन-तीनशे रुपयांत बरी झालीत. ज्या गाडीत तो हेडच्या कव्हरमध्येच बसवलेला आहे तिथे घरी खटपट करू नका.

९. नवं ऑइल आणि हजार किलोमीटरची वही

इथवर काही सापडलं नाही तर योग्य ग्रेडचं ऑइल आणि फिल्टर घाला, पातळी वरच्या खुणेला आणा, तारीख आणि किलोमीटर लिहा. मग दर २५० किलोमीटरला त्याच जागी, त्याच पद्धतीने पट्टी बघा. हजार किलोमीटरला किती घालावं लागलं ते मोजा. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत चालतं असं छापलेलं असतं. मला ते पटत नाही, पण वॉरंटीत भांडायला जाल तेव्हा ते पान तुमच्यासमोर ठेवतील. माझा अनुभव असा की पाव लिटरच्या वर गेलं की कारण शोधावं.

धूरही बघा. सकाळी स्टार्टला निळा भपका आणि मग स्वच्छ, किंवा घाट उतरून परत ॲक्सिलरेटर दिल्यावर मागे निळा ढग, तर व्हॉल्व्ह सील. चढावर, ओझ्याखाली सतत निळसर, तर रिंगा. बघायचं काम मागच्या गाडीतल्या माणसाला द्या, आरशात नीट दिसत नाही.

इथे हात थांबवा

यापुढचं काम घरचं नाही, आणि रस्त्याकडेच्या 'लगेच करून देतो' वाल्याचंही नाही.

तापल्यावर न्यूट्रलला लुकलुकणारी किटली ऑइल आणि फिल्टर बदलूनही राहिली, तर दाब प्रत्यक्ष मोजायला हवा. दाबाचा स्विच काढून तिथे यांत्रिक मीटर लावतात. गरम इंजिनाला आयडलवर (ॲक्सिलरेटर न देता) साधारण १ बार तरी मिळायला हवा, २,००० ते ३,००० फेऱ्यांवर त्याच्या दोन-तीन पट. नेमका आकडा कंपनीच्या वर्कशॉप पुस्तिकेतला धरायचा. मीटरवर दाब ठीक असेल तर स्विचच खराब, काम स्वस्तात सुटलं. पण मोजल्याशिवाय "स्विचच असेल" म्हणून नुसता स्विच बदलणाऱ्यापासून दूर राहा. दाब खरंच कमी असेल तर चेंबर उतरवून स्ट्रेनर बघायचा, मग पंप, मग बेअरिंग. रिंगांचा संशय असेल तर कॉम्प्रेशन आणि लीकडाउन (सिलिंडर दाब किती धरतो आणि किती गळतो) तपासल्याशिवाय कुणाला हेड उघडू देऊ नका. 'हाफ इंजिन करावं लागेल', म्हणजे इंजिन खोलून रिंगा-बेअरिंग बदलावे लागतील, हे वाक्य कागदावरच्या आकड्यांनंतर यायला हवं, आधी नाही.

गाडी चालवत न नेता उचलूनच न्यायची वेळ अशी: किटली पेटून राहिली, खालून ठोके मारल्यासारखा जड आवाज येतोय, डिपस्टिकवर दूध आहे, डिझेलची पातळी खुणेच्या फार वर गेलीय, किंवा निथळलेल्या ऑइलमध्ये चमचमणारे कण आहेत. त्या कणांना आम्ही चांदी म्हणतो. ती बहुधा बेअरिंगची असते.

गाडी वॉरंटीत असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या पायरीनंतर मी काहीच उघडणार नाही. सरळ कंपनीच्या वर्कशॉपला, आणि तक्रार जॉबकार्डवर लिहून घ्यायची, तोंडी नाही.

एक ताकीद इंजिन फ्लशबद्दल, म्हणजे आतली घाण सोडवायच्या रसायनाबद्दल. बऱ्याच वर्षांचा चिखल बसलेल्या इंजिनात फ्लशचा डबा ओतला की तो थर एकदम सुटतो आणि स्ट्रेनरवर जाऊन बसतो. मी जुन्या इंजिनात फ्लश घालत नाही. सरांच्या गाडीत योग्य ग्रेडचं साधारण किमतीचं ऑइल घातलं, १,५०० किलोमीटरला काढलं, परत तेच केलं, मग नेहमीचं. दुसऱ्या खेपेला टॅपेट शांत झाले.

मग बदलायचं कधी?

मी माझ्या गिऱ्हाइकांना सांगतो ते असं. मुख्यतः हायवेची पेट्रोल गाडी: पुस्तिकेप्रमाणे १०,००० किंवा वर्ष. पुस्तिकेत १५,००० असेल आणि गाडी शहरातली असेल तर १०,००० च्या पुढे जाऊ नका. रोज ट्रॅफिकमध्ये अडकणारी, किंवा टर्बो पेट्रोल: ७,५००. सीएनजी: ७,५००, रंग न बघता. डीपीएफवाली डिझेल: १०,०००, पण पातळी वाढली की तेव्हाच. आणि सरांसारखी वर्षाला तीन हजार फिरणारी: वर्षातून एकदा, किलोमीटर काहीही असोत, पावसाळा संपल्यावर दिवाळीच्या आधी, म्हणजे चार महिन्यांचं साठलेलं पाणीही निघून जातं. तीन हजार किलोमीटरला बदलणारेही येतात. त्यांना मी घरी पाठवतो. सिंथेटिक इतक्या लवकर काढणं म्हणजे पैसे गटारात.

कमी फिरणाऱ्या गाडीला दुसरंही औषध आहे. आठ-पंधरा दिवसांतून एकदा अर्धा-पाऊण तास हायवेला न्या. दारात उभी करून इंजिन चालू ठेवण्याने ते काम होत नाही, उलट बिघडतं. ओझं नसलेलं इंजिन नीट तापत नाही. सर आता रविवारी सकाळी हायवेने नागठाण्यापर्यंत जाऊन येतात, तिथे चहा घेतात. झाकणाखालचा थर दोन महिन्यांत गेला.

स्वतः ऑइल काढलंत तर जळकं ऑइल जुन्याच डब्यात परत भरा आणि गॅरेजला द्या, आमच्याकडून ते अधिकृत पुनर्प्रक्रियावाल्याकडे जातं. गटारात नको, झाडाच्या बुंध्याला नको, वाळवीसाठी दाराच्या चौकटीलाही नको. हाताला लागलेलं लगेच साबणाने धुवा. मी पहिली दहा वर्षं पेट्रोलने हात धुतले, त्यांची कातडी अजून हिवाळ्यात फुटते.